पुण्याचे सहभागी अंदाजपत्रक : गल्लीतल्या कामांसाठी उपयुक्त सोय

आपल्या भागातील काम महापालिकेच्या अंदाजपत्रकात थेट सुचवता यावे, यासाठी पुण्यात २००६ साली सुरू झालेली ही सोय बाकडी, पथदिवे, पदपथ अशा कामांसाठी खरोखरच चांगली आहे. अर्जात ‘पदपथ दुरुस्त करा’ असे मोघम न लिहिता, कोणत्या चौकापासून कोणत्या दुकानापर्यंत फरश्या उखडल्या आहेत हे नमूद केले, की अभियंत्याला खर्चाचा अंदाज बांधणे सोपे जाते. मात्र एका कामाला ५ लाख रुपयांची मर्यादा ठेवलेली असल्याने रस्तारुंदीसारखी कामे यात बसत नाहीत. तो वीस वर्षांच्या विकास आराखड्याचा प्रांत. मंजुरीनंतरही निविदेचा पल्ला उरतोच, म्हणून पोचपावती जपावी आणि अंदाजपत्रकात आपल्या प्रभागाचे पान स्वतः उघडून पाहावे.