घरच्या कोरीवकामाची हँगिंग मोटर: घ्यावी का, आणि सांभाळावी कशी

सोनाराच्या दुकानात हुकाला टांगलेली एक छोटी मोटर असते, तिच्यातून लांब काळी नळी खाली येते आणि पायाशी पॅडल असतं. तीच मी घरी लाकूड कोरायला वापरतो. बाजारात तिला हँगिंग मोटर म्हणतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरून आणली, हँडपीस आणि पॅडलसकट साडेतीन हजारांच्या आसपास पडली. देशी बनावट आहे. अमेरिकेतली फोरडम कंपनी १९२२ पासूनची, या प्रकारात तिचं नाव मोठं; पण तिची किंमत घरगुती हौसेला झेपणारी नाही.

माझं मत आधीच सांगतो. शिवण किंवा सागवानाच्या लाकडावर वेलबुट्टी, गणपतीची मूर्ती, देव्हाऱ्याची पट्टी असं काम करणाऱ्याने हीच घ्यावी. हातात धरायच्या स्वस्त रोटरी टूलमध्ये मोटर मुठीतच असते. ती तापते, हात भरून येतो, आणि भुसा थेट तिच्या जाळीत जातो. इथे मोटर डोक्याच्या वर, भुशापासून लांब. हातात फक्त पेनासारखा हँडपीस. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कार्बन ब्रशच्या, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या ठोकळ्यांच्या, टोप्या बाहेरून आहेत. मोटर न खोलता, चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने दोन मिनिटांत कार्बन हातात येतात. जे यंत्र मालकाला उघडता येतं तेच टिकतं, या मताचा मी आहे.

माझी नोकरी कुर्ला कारशेडला झाली, लोकल १५०० व्होल्ट डीसीवर धावायच्या त्या काळात. त्या गाड्यांच्या ट्रॅक्शन मोटरी, म्हणजे गाडी ओढणाऱ्या मोटरी, सिरीज मोटरी होत्या, आणि ही टीचभर मोटरही त्याच जातीची आहे: आर्मेचर (आतला फिरणारा भाग) आणि फील्ड (भोवतीची स्थिर कॉइल) एकापाठोपाठ एक जोडलेले. अशी मोटर भार आला की मंदावते, जास्त करंट ओढते आणि जोर वाढवते. म्हणून गाडी जागेवरून उचलायला ती उत्तम. पण इथे गोम आहे. मोटर थंड ठेवणारा पंखा तिच्याच मधल्या दांड्यावर बसलेला असतो. पॅडल अर्धवट दाबून, कमी वेगात, बर (हँडपीसच्या टोकाचं कापणारं पातं) लाकडात रेटला की करंट वाढतो आणि वारा कमी होतो. घरगुती मोटरी जळतात त्या बहुतेक अशाच. वेग वाढवा, हात हलका ठेवा, बर बोथट झाला असेल तर बदला. मोटर हाताला चटका देण्याइतकी तापली तर लगेच बंद न करता भार काढून मिनिटभर मोकळी फिरू द्या. पंखाच तिला थंड करतो.

आता कार्बन. सोबत आलेले कार्बन मला अजिबात पसंत पडले नाहीत. मऊ होते, भराभर झिजले आणि कार्बन बसतो त्या छोट्या नळीत काळी पूड साचली. मोटर झटके देत चालते, किंवा अंगावर टिचकी मारल्याशिवाय सुरूच होत नाही, तेव्हा पहिला संशय कार्बनवर घ्यावा. प्लग काढायचा, टोपी उघडायची, आणि कार्बन बाहेर घेण्याआधी वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करायची. त्याचं तोंड कम्युटेटरच्या, म्हणजे आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याच्या, गोलाईनुसार घासलेलं असतं. उलटा बसवला तर पुन्हा पहिल्यापासून घासणं आलं. लांबी सहा मिलीमीटरच्या खाली गेली असेल तर जोडीने बदलायचे, एकच कधी नाही. स्प्रिंग तापून निळसर पडली असेल तर तीही टाकायची. नळी कोरड्या ब्रशने साफ केल्यावर कार्बन त्यात अडखळता कामा नये.

नवे कार्बन मुंबईतल्या लोहार चाळीच्या बाजारात मिळाले. तिथला दुकानदार म्हणाला, "काका, नंबर सांगू नका, जुना कार्बन दाखवा." त्याचं बरोबर होतं, कारण या मोटरींवर नंबरांचा मेळ नसतो. किंचित जाड निघाला तर सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासता येतो. पातळ निघाला तर परत करा; तो नळीत डुगडुगतो आणि ठिणग्या पाडतो. बसवल्यावर पंधरा-वीस मिनिटं बिनभाराची, मध्यम वेगाने मोटर चालवायची, म्हणजे तोंड नीट बसतं.

कार्बन बाहेर असतानाच त्या भोकातून टॉर्च मारून कम्युटेटर बघा. तांब्याच्या पट्ट्यांवर चॉकलेटी, एकसारखी झाक दिसली तर मोटरीची तब्येत उत्तम आहे. ती झाक घासून तांबं चकाकवणारे लोक मी पाहिलेत, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. तो थर कार्बनला सुखाने सरकू देतो. घालवला की कार्बन जास्त झिजतो. पट्ट्या काळ्या पडून खरवडल्यासारख्या झाल्या असतील तरच बारीक पॉलिश पेपर लावावा, तोही काचेचा. एमरी पेपर नको, त्याची खर पट्ट्यांमधल्या फटीत अडकते. फटीतली कार्बनची पूड बांबूच्या काडीने काढावी. मोटर चालू असताना कार्बनच्या कडेला बारीक निळसर ठिणगी चालते. पण कम्युटेटरभोवती आगीचं कडं फिरताना दिसलं तर तिथेच थांबायचं. आर्मेचरची एखादी कॉइल गेलेली असते.

मोटरीवर ढकलला जाणारा निम्मा दोष तिचा नसतोच. थरथर, कुंथणं, जळका वास आला की आधी शाफ्ट, म्हणजे ती लांब काळी नळी आणि तिच्यात फिरणारी तारेची दोरी, काढा आणि मोटर एकटी चालवा. एकटी गोड चालली तर दोष शाफ्टमध्ये किंवा हँडपीसमध्ये आहे. आतली तारेची दोरी बाहेर काढून रॉकेलने पुसायची, वाळवायची आणि बोटाने ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवायचा. जास्त ग्रीस भरलं तर ते गरम होऊन खाली उतरतं, हँडपीसच्या बेअरिंगमध्ये शिरतं आणि तिथे लाकडाचं पीठ धरून ठेवतं. काम करताना नळीला तीव्र वळण देऊ नका. मोटर एवढ्या उंचीवर टांगा की नळी मोठ्या गोलाईत उतरेल.

पॅडल हा या यंत्राचा खरोखर कच्चा भाग. माझ्या पॅडलला मधला वेगच राहिला नव्हता, एक तर बंद नाही तर सुसाट. तपासायला सोपं आहे: हँडपीसमधला बर काढा, मोटरीचा प्लग पॅडलऐवजी थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. पूर्ण वेगाने नीट फिरली तर मोटर निर्दोष. मी शिलाई मशीनच्या मोटरीचं पॅडल लावलं, अँपिअर जुळवून, आणि आता वेग पायाखाली हवा तसा मिळतो. पंख्याचा रेग्युलेटर लावू नये, तो या मोटरीसाठी नसतो.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर आम्ही पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या मोटरी वाळवून, इन्शुलेशन मोजून मगच पुन्हा चालू केल्या होत्या. डोंबिवलीच्या बाल्कनीत मोटर बुडत नाही, पण सागवानाचं पीठ ओल धरतं आणि वाइंडिंगला, म्हणजे तारेच्या गुंडाळ्यांना, चिकटून बसतं. म्हणून काम संपल्यावर जाळीतून कोरड्या हवेचा ब्लोअर मारायचा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये बरेच दिवस पडून राहिली असेल तर खोक्यात साठ वॉटचा साधा तारेचा बल्ब लावून रात्रभर शेकायची. बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वापर लगेच थांबवा. मास्क मात्र बारा महिने हवा. सागाची धूळ छातीला आणि कातडीला दोन्हीला त्रास देते.

आर्मेचर जळलंच तर रिवाइंडिंग, म्हणजे तार पुन्हा गुंडाळून घेणं, करू नका, असं मी म्हणेन. या मोटरीच्या पाटीवर मिनिटाला अठरा हजार फेरे लिहिलेत. त्या वेगाला हाताने गुंडाळलेलं आर्मेचर बॅलन्स केल्याशिवाय लावलं तर बेअरिंग खाऊन टाकतं, आणि एवढ्याशा आर्मेचरसाठी बॅलन्सिंग सहसा कोणी करत नाही. नवं आर्मेचर घ्या. फील्ड कॉइल भरून घ्यायला हरकत नाही, फक्त जोडणी उलटी झाली तर मोटर उलटी फिरते, आणि शाफ्टच्या तारेचे पीळ एकाच दिशेला घट्ट होतात. उलट्या दिशेला ते सुटतात. प्लगच्या पिना फिरवून ही दिशा बदलत नाही, कारागिराकडेच परत न्यावं लागतं.

मोठा ओंडका उतरवायचा असेल, एकदम पुष्कळ लाकूड काढायचं असेल, तर ही मोटर त्या कामाची नाही. त्याला पटाशी आणि ग्राइंडरच हवा. बाकी घ्यायचं ठरलं तर दुकानातच टोपी उघडून कार्बन बघा, त्याच मापाचे दोन जोड आणि आतला एक जादा शाफ्ट तिथेच मागून घ्या. नाही म्हणाला तर शेजारचं दुकान बघा. नागदेवीला दुकानांची वाण नाही.