घरीच गाडीचं ऑइल बदलतोय, वर्षभरानंतरचा माझा अनुभव

पहिलंच सांगून टाकतो, पैसे वाचवायला म्हणून घरी ऑइल बदलणार असाल तर राहू द्या. वाचतात, पण लय नाही. माझी जुनी पेट्रोल स्विफ्ट, १२०० सीसी, वॉरंटी कधीच संपलेली. ऑइल लागतं फिल्टरसकट तीन लिटरच्या आसपास. ऑइल, फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वायसर दुकानातनं आणायचाच आहे, म्हणजे गॅरेजच्या बिलातली मजुरी आणि ते कंझ्युमेबल्स म्हणून काहीतरी लावतात तेवढंच काय ते कमी होतं. वर पान्यांचा सेट, ट्रे, मोठं नरसाळं, फिल्टर खोलायचा पाना हे सुरुवातीला घ्यावं लागतं ते वेगळंच. शेजारचे काका पहिल्या वेळी गेटवर उभं राहून सगळं बघत होते आणि शेवटी म्हणाले, "आरं, एवढ्यासाठी रविवार घालवलास व्हय?" हिशेबानं बघितलं तर काकांचं बरोबरच होतं.

तरी मी करतोय आणि पुढं पण करणार, त्याचं कारण वेगळं आहे. इंजिनात नक्की काय गेलंय हे मला माहिती असतं. आधी साताऱ्यातल्याच एका गॅरेजला गाडी टाकायचो, माणूस चांगला, हात पण चांगला, पण दर वेळी ड्रममधलं सुट्टं ऑइल आणि वर "गाडी जुनी झाली सायेब, जरा घट्ट टाकूया" म्हणून २०डब्ल्यू-५०. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय ५डब्ल्यू-३०. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा जेवढा लहान तेवढं थंड इंजिनात ऑइल लवकर पळतं, आणि त्याच्या नंतरचा ३० म्हणजे इंजिन तापल्यावर, १०० डिग्रीला ते किती जाड राहतंय त्याची ग्रेड. इंजिनाची खरी झीज होते ती सकाळी पहिला स्टार्टर मारल्यावर, ऑइल वरपर्यंत पोचायच्या आधी. तिथं घट्ट ऑइल घालून काय मिळवायचं? इंजिन खरंच ऑइल खात असेल, धूर मारत असेल तर गोष्ट वेगळी, पण नुसतं किलोमीटर जास्त झालं म्हणून ग्रेड बदलायची काही गरज नाही. ५डब्ल्यू-३० वर आल्यापासून सकाळी स्टार्ट करताना इंजिन मोकळं वाटतं, अॅव्हरेजचं मात्र मी काही छातीठोक सांगणार नाही, आमच्याकडं एक दिवस यवतेश्वरचा घाट आणि दुसऱ्या दिवशी पोवई नाक्याचं ट्रॅफिक, त्यात काय मोजणार.

आता जागेचं. साताऱ्यात सपाट जागा शोधणं हेच अर्धं काम आहे, आमची गल्ली पण अजिंक्यताऱ्याच्या अंगानं उतरत आलेली. त्यावर मी असं केलं की गाडीचं तोंड उताराकडं करायचं आणि पुढची दोन्ही चाकं वखारीतनं आणलेल्या जाड फळ्यांवर चढवायची, पायरीसारख्या एकावर एक खिळे मारून जोडून घेतल्यात आणि टोकाला आडवा ठोकळा आहे म्हणजे चाक पुढं जात नाही. उतार आणि फळ्या एकमेकांना काटतात आणि गाडी जवळपास लेव्हलला येते, खाली झोपायला जागा पण होते. हँडब्रेक, रिव्हर्स गिअर, मागच्या चाकांना दोन्हीकडनं दगड. आणि हे नीट ऐका, गाडीबरोबर जो कात्री जॅक येतो त्याच्यावर गाडी उचलून खाली शिरायचं नाही, कधीच नाही, तो फक्त स्टेपनी बदलायला असतो. जॅक लावायचाच असेल तर खाली स्टँड लावल्याशिवाय डोकं आत घालू नका.

इंजिन पाचेक मिनिटं चालू ठेवून बंद करायचं, कोमट ऑइल पातळ असतं आणि खालचा गाळ घेऊन बाहेर येतं. हायवेवरनं आल्या आल्या मात्र बोल्टला हात लावू नका, तेव्हा ते ऑइल कातडी सोलेल. वरचं ऑइल भरायचं टोपण आधी ढिलं करायचं म्हणजे हवा मिळते. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा ड्रेन बोल्ट माझ्या गाडीला १७ च्या रिंग पान्यानं निघतो, पहिल्या वेळी निघता निघेना, गॅरेजवाल्यानं पाइप लावून आवळलेला असणार. शेवटचे आटे हातानं फिरवायचे, बोल्ट आत दाबून धरत धरत, आणि पटकन बाजूला घ्यायचा. काळी धार आधी लांब जाते, ट्रेच्या पुढच्या काठापर्यंत, मग प्रेशर कमी झालं की जवळ येत येत सरळ खाली पडायला लागते, त्यामुळं ट्रे मागं सरकवत बसावं लागतं. ज्येष्ठात तर अजून एक मजा, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या फिरवणारं ते वारं आमच्या गल्लीत पण येतं, धार बारीक झाली की वाकडी होऊन ट्रेच्या बाहेर. आता वाऱ्याच्या बाजूनं पुठ्ठा उभा करतो. शेवटचे थेंब पडेपर्यंत चहा घेऊन या, घाई करू नका.

फिल्टर काढताना एक गोष्ट बघायचीच, जुन्या फिल्टरचं रबर त्याच्याबरोबर निघालंय का इंजिनालाच चिकटून राहिलंय. राहिलं आणि त्याच्यावर नवा बसवला की डबल रबर होतं, आणि गाडी चालू केल्यावर सगळं ऑइल रस्त्यावर. नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं नवीन ऑइल लावायचं, हातानं फिरवत न्यायचं, रबर टेकलं की तिथनं पाऊण फेरा, बास. पाना फक्त खोलायला. ड्रेन बोल्टचा वायसर दर वेळी नवा, किरकोळ वस्तू आहे, तिथं कंजूषी करू नका. बोल्ट पण मापात, चेंबरचे आटे गेले तर वाचवलेली सगळी मजुरी एका फटक्यात परत जाते.

मग वरनं ऑइल घालायचं, पण सगळं एकदम नाही, थोडं कमी घालून इंजिन मिनिटभर चालू करायचं, ऑइलची लाल लाइट विझतेय ना आणि खाली कुठं गळतंय का बघायचं, बंद करून ऑइल खाली उतरू द्यायचं आणि मग काडी, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक, बघायची. काडी फळ्यांवर उभ्या गाडीत बघू नका. मी गाडी उतरवून गल्लीच्या तोंडाशी सपाट जागा आहे तिथं नेतो, कारण उतारावर तीच गाडी एकीकडं तोंड केलं तर फुल दाखवते आणि वळवली तर अर्ध्यावर, गंमत म्हणून करून बघा. फुलच्या वर भरू नका, जास्त ऑइल म्हणजे जास्त चांगलं असं काही नसतं, क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, त्यात घुसळून फेस करतो.

ऑइल विकत घेताना सील बघून, बिल घेऊन, ओळखीच्या दुकानातनंच. एपीआय म्हणजे ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकन संस्था, तिची एसएन किंवा त्याच्यापुढची एसपी ग्रेड असली की झालं, एसपी २०२० मध्ये आली, जुन्या गाडीत पण चालते. आणि रिकामा डबा तसाच भंगारात देऊ नका, सुरीनं मधोमध चिरून द्या, चांगल्या कंपनीचे आख्खे डबे कशाला लागतात आणि त्यात काय भरून परत येतं हे सांगायला नको.

आता वापरताना काय दिसलं. ऑइल लवकर काळं झालं म्हणून घाबरू नका, त्यात साफ करणारी द्रव्यं असतात, ती काजळी धरून ठेवतात म्हणून रंग बदलतो, डिझेलवाल्यांचं तर दोन दिवसात काळं होतं. दुसरं, भर पावसात वरचं टोपण उघडलं तर आतनं पिवळसर, सायीसारखं काहीतरी चिकटलेलं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनात कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारं पॅकिंग, गेलं की काय म्हणून धसकाच घेतला होता, पण काडीवरचं ऑइल एकदम क्लीन, कूलंट पण जागेवर. झालं असं होतं की महिनाभर गाडी नुसती गोडोली ते पोवई नाका एवढीच फिरत होती, बाहेर धुकं आणि पाऊस, इंजिन नीट तापायच्या आत बंद, मग आतली वाफ टोपणाला जमा होते. कराडपर्यंत हायवेनं जाऊन आलो, टोपण पुसलं, परत आलं नाही. काडीवर पण तसंच पांढरट दिसलं किंवा कूलंट कमी होत असेल तर मात्र गाडी हलवू नका, मिस्त्रीला बोलवा.

सगळ्यात कटकटीचा भाग अजून सांगितलाच नाही, तो म्हणजे जुनं ऑइल. बदलायला तासभर लागतो, पण ते तीन लिटर काळं पाणी कुठं न्यायचं? मागणारे लय येतात. सेंट्रिंगवाला म्हणतो प्लेटांना लावायला दे, गावाकडनं फोन येतो की गोठ्याच्या मेढींना वाळवी लागलीय, एक जण तर म्हशीच्या गोचिडांवर चोळायला मागत होता, त्याला सरळ नाही म्हटलं, त्यात इंजिनाचे धातू आणि जळालेलं काय काय असतं, जनावर ते चाटणार. सेंट्रिंगला वापरलं तर काँक्रीटला तेलकट डाग राहतो आणि वर गिलावा नीट धरत नाही. गटारीत तर विचारच नको, आमच्या गटारीचं पाणी शेवटी वेण्णेला आणि माहुलीला कृष्णेला जातं. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल हे घातक कचऱ्यात मोडतं आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा होऊन परत शुद्ध व्हावं याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकलीय. पण घरी बदलणाऱ्या माणसाच्या दारात कोण येत नाही. मी ते एका पाच लिटरच्या कॅनमध्ये भरतो, फिल्टर उलटा ठेवून रात्रभर निथळवतो, आणि एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपला देऊन येतो, त्यांच्याकडं बॅरल असतं आणि ते रिसायकलवाल्याला देतात. अशी जागा आधी ठरवा, मग पाने घ्या.

गाडी वॉरंटीत असेल तर हे करूच नका, शोरूमलाच न्या. इंजिनाखाली मोठं प्लास्टिकचं कव्हर असलेल्या नव्या गाड्यांना पण वैताग आहे, त्या क्लिपा एकदा तुटल्या की कव्हर खडखडत राहतं. फ्लॅटच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर आधी चेअरमनशी बोलून घ्या, फरशीवर एक थेंब पडला तरी वर्षभर ऐकावं लागेल. माझं मी १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदलतो, तारीख, किलोमीटर आणि ग्रेड वहीत लिहितो आणि बिलं त्यातच स्टेपल करतो, उद्या गाडी विकायची झाली तर दाखवायला काहीतरी पाहिजे. ब्रेक, क्लच, सस्पेन्शन यातलं काही असलं तर आजही त्याच जुन्या मिस्त्रीकडं नेतो, फक्त ऑइलला हात लावायचा नाही असं सांगून.