‘मागून उचलून देतो’ : ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपच्या पाट्यांत होणारी फसवणूक

गुहागर तालुक्यातल्या एका पिकअपचं बिल समोर आहे. साध्या पावती-पुस्तकावर लिहिलेलं, जीएसटी क्रमांक नाही, रक्कम ₹३१,४००. त्यात पाच ओळी आहेत: ‘पाटे हेवी करणे, जादा २+२’, ‘कमान देणे’, ‘यू-बोल्ट नवीन ४ नग’, ‘हेवी शॉकअप जोडी’, ‘एअर बॅग फिटिंगसह’. पाटे म्हणजे मागच्या चाकांवरचा भार झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या. ही गाडी बोटीचा ट्रेलर ओढते. पावसाळ्यानंतर पर्यटकांचा हंगाम सुरू व्हायच्या आत काम करून घेतलं होतं. दोन महिन्यांत ट्रेलर जोडला की गाडी पहिल्यासारखीच मागे बसायला लागली आणि एका उतारावर उजव्या बाजूचा सेंटर बोल्ट (पाट्यांचा गठ्ठा मधोमध धरणारा) तुटून मागचं हौसिंग (मागच्या दोन चाकांना जोडणारा एक्सलचा आडवा भाग) तिरकं झालं. पाटे खाली उतरवल्यावर जे दिसलं ते इथे सविस्तर लिहिलं आहे, कारण दापोलीपासून मालवणपर्यंत हंगामाच्या तोंडावर हेच काम याच पद्धतीने गळ्यात मारलं जातं.

आधी बिलात नसलेली गोष्ट. पाट्यांच्या मागच्या टोकाला असलेली शॅकल, म्हणजे पाटा चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) जोडणारी लोखंडी कडी, बदललेली होती. मूळ शॅकलपेक्षा दोन इंच लांब. शॅकल दोन इंच लांब केली की गाडी मागून साधारण एक इंच वर येते, कारण वाढीव लांबीचा अर्धाच परिणाम हौसिंगच्या जागी पोचतो. ताब्यात घेताना गाडी ‘उचललेली’ दिसली ती यामुळे. पाटा आणि हौसिंगच्या मधे लोखंडी ठोकळा घालणं हाही त्यातलाच प्रकार. दोन इंचांच्या ठोकळ्याने गाडी पुरती दोन इंच वर येते. दोन्हींमुळे वजन पेलायची ताकद एका किलोनेही वाढत नाही. ट्रेलर जोडल्यावर पाटा जेवढा दबायचा तेवढाच दबतो, फक्त उंचावरून दबायला सुरुवात करतो. शिवाय ठोकळा असला तर चढावर रेस देताना हौसिंग पिळलं जातं, आणि तो पीळ सेंटर बोल्ट आणि पाट्यांचा गठ्ठा हौसिंगला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टवर येतो.

फसवणुकीचं मूळ गिऱ्हाईक जे मागतं त्यात आहे. गिऱ्हाईक म्हणतं, ‘गाडी मागून बसते, उचलून द्या.’ मिस्त्री उंची विकतो, आणि उंची फितीने मोजून दाखवता येते. ताकद तशी दाखवता येत नाही.

आता जादा पाटे. ते एखाद्या जुन्या ट्रकचे होते, गॅस कटरने कापून लांबीला आणलेले आणि वरून काळा रंग मारलेला. ओळखायचं कसं? पाटा उलटा करून टोकाकडची चार-पाच इंच जागा बोटाने चाचपा. वापरलेल्या पाट्याला तिथे शेजारचा पाटा घासून उथळ खळगा पडलेला असतो. रंगाने तो दिसत नाही, पण नखाला लागतो. मग सेंटर बोल्टचं भोक पाहा. नवीन पाट्याचं भोक गोल आणि स्वच्छ कडेचं असतं. इथे ते गॅसने पाडलेलं होतं, कडेला लोखंड वितळून थिजल्याच्या गुठळ्या. स्प्रिंगचं पोलाद गॅसने जिथे तापतं तिथे ते ठिसूळ होतं आणि तडा बरोबर तिथूनच सुरू होतो. मूळ पाटे ७० मिमी रुंद, हे ६० मिमी. त्यामुळे क्लिपमधे घट्ट बसत नव्हते आणि आडवे सरकत होते. सेंटर बोल्टवर आडवा मार बसत राहिला तो यानेच.

पाटा खरोखर स्प्रिंगच्या पोलादाचा आहे का, याची सोपी परीक्षा ग्राइंडरवर होते. कार्बन जास्त असलेल्या पोलादाच्या ठिणग्या फांद्या फुटल्यासारख्या फुटतात. साध्या लोखंडाच्या पट्टीच्या ठिणग्या लांब, सरळ रेघेसारख्या जातात आणि क्वचितच फुटतात. एका कडेला दोन सेकंद ग्राइंडर टेकवायला कुठलाही प्रामाणिक पाटेवाला नाही म्हणत नाही.

जाडी मात्र व्हर्नियरनेच मोजा, डोळ्यांनी नाही. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. ८ मिमीचा पाटा ७ मिमीच्या पाट्यापेक्षा जवळपास दीडपट कडक असतो. तेव्हा ‘आठचा घातला’ म्हणून सातचा घातला तर एक मिलिमीटरची नव्हे, तिसऱ्या हिश्श्याची चोरी झाली. हाच हिशेब खाऱ्या वाऱ्याचाही आहे. पुळणीवर उभ्या राहणाऱ्या गाडीचा ८ मिमीचा पाटा गंजून ७ वर आला की त्याची तेवढीच ताकद गेलेली असते. त्यामुळे कोकणात बऱ्याच गाड्यांना ‘हेवी’ पाट्यांची गरजच नसते. झिजलेला संच काढून कंपनीच्या मापाचा नवा पूर्ण संच घातला की काम भागतं. ते कुणी सुचवत नाही, कारण जादा पाट्याचा भाव गिऱ्हाइकाला ठाऊक नसतो आणि कंपनीच्या संचाचा ठाऊक असतो.

‘कमान देणे’, म्हणजे बसलेल्या पाट्याला पुन्हा बाक देणे, या ओळीखाली मेन पाटा गॅसने लाल करून वाकवला होता. थंड पाटा घणाने ठोकून कमान दिली तर ती काही महिने टिकते. पाटा थकलेलाच असतो, पुन्हा बसतो. गॅसने एकाच जागी तापवलेला पाटा त्याहून वाईट, कारण त्याचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरतं. योग्य रीत म्हणजे अख्खा पाटा भट्टीत एकसारखा तापवणं, कमानीत धरून तेलात विझवणं आणि मग कमी तापमानाला पुन्हा तापवून ठिसूळपणा काढणं. ज्याच्याकडे भट्टी आणि तेलाची टाकी नाही त्याने ‘टेंपर करून देतो’ म्हटलं तर गाडी वळवून घरी आणा. उतरवलेल्या मेन पाट्यावर रंगाखाली निळसर-जांभळा पट्टा होता, हातभर रुंद, फक्त मधल्या भागात. भट्टीतून निघालेल्या पाट्याला असा पट्टा नसतो.

यू-बोल्ट चारही जुनेच, ब्रशने घासून रंगवलेले. यू-बोल्ट एकदा पूर्ण ताणाने आवळला की त्याचे आटे ताणले जातात. तो पुन्हा वापरत नाहीत, नटही नाही. सैल यू-बोल्टमुळे पाट्यांचा गठ्ठा हलतो, सगळा भार सेंटर बोल्टवर जातो आणि तो कापला जातो. या गाडीत झालं ते हेच. नवीन बोल्टसुद्धा ट्रकच्या दुकानात मिळणाऱ्या आटेदार सळईला वाकवून बनवलेला नको, गाडीच्या मापाचा तयार घ्या. टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या), गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कला, चारही नट थोडे-थोडे आलटून-पालटून आवळायचे, आणि गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर लटकत्या हौसिंगला आवळलेले बोल्ट पहिल्या खेपेला सैल होतात. गुहागर–चिपळूण एकदा जाऊन-येऊन झालं की पुन्हा आवळून घ्या, आणि पाचशे किलोमीटरनंतर आणखी एकदा.

शॉकअपबद्दल (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) थोडक्यात: शॉकअप वजन पेलत नाही. तो फक्त पाट्याची उसळी थांबवतो. ‘हेवी शॉकअपने गाडी बसणार नाही’ असं सांगणारा एकतर अजाण आहे किंवा खोटं बोलतोय.

एअर बॅग, म्हणजे पाट्याला आधार द्यायला बसवलेली हवेची रबरी पिशवी, वस्तू म्हणून चांगली होती, फिटिंग चुकीचं. दोन्ही बॅगांना एकच नळी आणि एकच व्हॉल्व्ह. अशा जोडणीत वळणावर बाहेरच्या, दबलेल्या बॅगेतली हवा आतल्या बाजूच्या बॅगेत जाते, म्हणजे जिथे आधार हवा तिथलाच काढून घेतला जातो. आंबा किंवा कुंभार्ली घाटात ट्रेलर मागे असताना गाडी बाहेर कलंडल्यासारखी वाटते ती यामुळे. दोन बॅगांना दोन वेगळ्या नळ्या, दोन वेगळे व्हॉल्व्ह असलेच पाहिजेत. बॅग सायलेन्सरच्या पाइपाजवळ असेल तर मधे पत्रा लागतो. रिकाम्या गाडीतही बॅगेत ५ ते १० पीएसआय हवा ठेवावी लागते, नाहीतर रबर दुमडून कापलं जातं. आणि ब्रॅकेटसाठी चॅसीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू देऊ नका. चॅसी तिथूनच चिरते. बॅगेत दाबून हवा भरली की पाट्याच्या दोन टोकांवर वाटला जाणारा भार चॅसीच्या एका ठिकाणी येतो, हेही लक्षात ठेवा.

यातलं काहीही करण्याआधी वजनकाट्यावर जायला हवं होतं. मालासकट, डिझेल भरून, माणसं बसवून फक्त मागची चाकं काट्यावर घ्या. मग ट्रेलर जोडून पुन्हा फक्त मागची चाकं, ट्रेलरची चाकं काट्याबाहेर. तिसरं वजन पुढच्या चाकांचं, ट्रेलर जोडलेलाच. आरसी बुकात मागच्या एक्सलला मंजूर वजन दिलेलं असतं, त्याच्याशी ताडून पाहा. ट्रेलरच्या दांडीचं वजन, म्हणजे ट्रेलरची पुढची दांडी गाडीच्या हुकवर जेवढा भार टाकते ते, तर बंदरावरच्या मासळीच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजता येतं. काट्यावर लाकडी ठोकळे रचून दांडी हुकच्या बॉलइतक्या उंचीवर सपाट टेकवा, बोटीत इंजिन आणि पेट्रोल रोजच्यासारखं ठेवून.

दांडीचं वजन मागच्या चाकांवर जसंच्या तसं येत नाही, वाढून येतं. समजा पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३ मीटर, बॉल मागच्या चाकांपासून १.२ मीटर मागे, दांडीचं वजन १२० किलो. मागच्या एक्सलवर १६८ किलो येतात आणि पुढचा एक्सल ४८ किलोंनी हलका होतो. चढावर स्टिअरिंग तरंगतंय असं वाटतं ते त्या ४८ किलोंमुळे. पाटे कितीही कडक केले तरी हे ४८ किलो पुढे परत येत नाहीत. त्यासाठी माल पुढे सरकवावा लागतो, किंवा बॉल गाडीच्या जितका जवळ आणता येईल तितका आणावा लागतो. उलट, गाडी मागे बसू नये म्हणून बोट ट्रेलरवर मागे सरकवून दांडी हलकी करण्याची सवय फार वाईट. दांडीवर पुरेसं वजन नसलं की उतारावर ट्रेलर शेपटासारखा डोलायला लागतो आणि गाडी ओढून नेतो.

काशीद, मुरूड, अलिबागच्या किनाऱ्यांवर घोडे पोचवायचे असले तर हिशेब आणखी कडक होतो. घोड्याच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन दांडीवर हवं. बोट बांधली की बांधली. घोडा प्रत्येक वळणाला पाय बदलतो आणि त्याचं वजन त्याच्याबरोबर सरकतं. मऊ पाट्यांवर हे डोलणं वाढत जातं.

मंजूर वजनाच्या आत असूनही फक्त ट्रेलर जोडल्यावर गाडी बसत असेल तर हेल्पर पाटा (भार वाढला की टेकणारा जादा पाटा), रबरी पोकळ स्प्रिंग किंवा एअर बॅग, यांतलं एक पुरतं. बोट उतरवताना ज्यांची मागची चाकं खाऱ्या पाण्यात जातात त्यांनी रबरी स्प्रिंग घ्यावी असं आमचं ठाम मत आहे. तिला नळी नाही, व्हॉल्व्ह नाही, मीठ लागून सडायला फारसं काही नाही. मंजूर वजनाच्या बाहेर असाल तर कुठलाच पाटा उपयोगाचा नाही, कारण एक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक तेच राहतात. मर्यादेपेक्षा जास्त वजनाला ₹२०,००० आणि प्रत्येक जादा टनाला ₹२,००० दंड आहे, तो मिस्त्री भरत नाही.

ब्रेकची गोष्ट कुणीच सांगत नाही. अनेक पिकअपमधे मागच्या हौसिंगला एका दांडीने जोडलेला व्हॉल्व्ह असतो, त्याला एलएसपीव्ही म्हणतात. गाडी मागून दबली की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी वर उचलली किंवा पाटे कडक केले की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. काम झाल्यावर ती दांडी पुस्तकातल्या मापाला लावून घेतलीच पाहिजे. या बिलातल्या गाडीची दांडी तारेने बांधून ठेवलेली सापडली.

बोट उतरवून आल्यावर पाटे, शॅकल आणि हौसिंग गोड्या पाण्याने धुवा. त्यावर जळकं ऑइल मारू नका. त्याने वाळू चिकटून मीठ-वाळूचा लेप बसतो आणि शॅकलचे रबरी बुश फुगून ढिले पडतात.

काम करून घेताना गाडीजवळ थांबा, आणि उतरवलेला प्रत्येक जुना भाग पोत्यात घालून घरी न्या. गाडी स्वतःच चालवून पोट भरणाऱ्याला ग्राहक म्हणून तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन लावा, नाहीतर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तिथे ‘पाटे हेवी करणे’ या शब्दांना काही किंमत नाही. बिलावर असं लिहून घ्या: प्रत्येक बाजूला किती पाटे, प्रत्येकाची रुंदी आणि जाडी मिलिमीटरमधे, नवीन की वापरलेले, यू-बोल्ट कुठल्या मापाचे, किती टॉर्कला आवळले, शॅकलची लांबी मूळचीच आहे का, आणि काम होण्याआधी व झाल्यावर हबच्या मध्यापासून चाकावरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर, गाडी रिकामी असताना आणि ट्रेलर जोडून. लिहून द्यायला तयार नसेल तर तिथे काम टाकू नका.