जुना पीएच इलेक्ट्रोड : साफ करून वापरावा की बदलावा?

पीएच मीटरचा आकडा स्थिर होईनासा झाला की त्याचा इलेक्ट्रोड (द्रवात बुडवायची काचेची कांडी) साफ करून पाहावा की सरळ नवा घ्यावा, असे दोन मार्ग समोर असतात. मात्र त्याआधी ताज्या बफरने (ठरावीक पीएचच्या द्रावणाने) कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरचा आकडा जुळवणे, पुन्हा करावे, कारण दोष पुष्कळदा शिळ्या बफरचा, विशेषतः हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या १० पीएचच्या बफरचा असतो.

२५ अंश सेल्सिअसला आदर्श इलेक्ट्रोड पीएचच्या प्रत्येक एककामागे ५९.१६ मिलिव्होल्ट देतो. हा उतार (एककामागचे मिलिव्होल्ट) आदर्शाच्या ९५ टक्क्यांच्या थोडा खाली आला असेल, किंवा ७ पीएचच्या बफरमध्ये शून्यापासून ३० मिलिव्होल्टहून अधिक फरक दिसत असेल, तर आधी सफाईच करावी. दूध-दह्याची प्रथिने जंक्शनमध्ये (इलेक्ट्रोडच्या सच्छिद्र भागात) अडकली असल्यास पेप्सिन मिसळलेले सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, तेलकट थरासाठी सौम्य डिटर्जंट, आणि नंतर ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये रात्रभर भिजवणे, एवढ्याने कोरडा पडलेला इलेक्ट्रोडही अनेकदा सावरतो. (तो ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवण्याची सवय मात्र त्याच्या मुळावर येते.)

बदलणे महाग पडते, तरी काचेच्या गोळ्याला तडा गेला असेल, तर दुसरा इलाज नाही. अशा वेळी ४ आणि ७ या दोन्ही बफरमध्ये जवळपास सारखाच आकडा दिसतो. सफाईनंतरही उतार ८५ टक्क्यांच्या वर येत नसेल, तर माझ्या मते दुसऱ्यांदा सफाई करण्यात वेळ दवडू नये.