प्रीमियर पद्मिनी गाडीची पुढची काच बदलली: पावसाळा, थंडी आणि आपला मे महिना काढल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो. काचेला पाचपैकी चार, तिच्यासोबत आलेल्या कडेच्या रबराला दीड. एवढंच पायजे असेल तर इथंच थांबा, पण जुन्या गाडीची काच शोधत असाल तर रबराचं पुढे वाचाच, कारण आपण सगळे काचेच्या मागे धावतो आणि पाणी येतं ते रबरातून.

गाडी वडिलांची, प्रीमियर पद्मिनी, ८६ चं मॉडेल. धुळे-जळगाव हायवेला पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि काच गेली. जुनी काच टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली होती. तिला नुसता तडा जात नै, एका झटक्यात अख्खी पांढरी होते, समोरचं काय म्हणजे काय दिसत नै, खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी साईडला घ्यावी लागली. सीटच्या फटीतून ज्वारीएवढे दाणे अजून निघतात. त्यामुळे एक पक्कं ठरलं, आता लॅमिनेटेडच टाकायची. त्यात दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकची फिल्म असते, दगड लागला तर कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर पडते पण काच जागेवर राहते आणि घरापर्यंत येता येतं.

आता मिळवायची कुठून? जळगाव, भुसावळ, धुळे, सगळे काचवाले पालथे घातले. स्विफ्ट, बोलेरो, इनोव्हा म्हणाल ती काच तासाभरात बसवून देतात, पद्मिनी म्हटलं की हसतात. धुळ्याचे एक म्हातारे मिस्त्री तर म्हणले, "भाऊ, हाई काच आते कोठे भेटी!" बरोबरच आहे त्यांचं. मुंबईत पद्मिनीची काळीपिवळी टॅक्सी होती तोवर या काचेला रोजचं गिऱ्हाईक होतं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचं पासिंग २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत झालेलं, वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली आणि ही टॅक्सी बंद. आता मागणी म्हणजे आपल्यासारखे हौशी लोक.

शेवटी मुंबईत कुर्ल्याच्या बाजूला एका जुन्या स्पेअरवाल्याकडे नवी लॅमिनेटेड मिळाली, काच आणि रबर मिळून पाच हजाराच्या आतबाहेर. फोनवर नुसतं "प्रीमियरची काच" म्हणू नका, ११८ एनईची गळ्यात मारतील, ती गाडीच वेगळी, फियाट १२४ वरून आलेली. दुसरं म्हणजे वरती हिरवी पट्टी असलेली काच देऊ करतात, नको म्हणा, जुन्या गाडीला ती अजिबात शोभत नै. कोपऱ्यात आयएसआयचा शिक्का बघा, त्याखाली आयएस २५५३ लिहिलेलं असतं, रीपासिंगला साहेब बघतात. काचेवर वरून काळी फिल्म लावायच्या भानगडीत तर पडूच नका, पुढच्या काचेतून ७० टक्के उजेड आत यायलाच पायजे आणि २०१२ साली सुप्रीम कोर्टाने फिल्मच बंद केली होती.

आणायचा प्रश्न असा सुटला की रावेरकडची केळीची गाडी वाशीला माल टाकून रिकामी परत येत होती. ड्रायव्हर ओळखीचा, काच उभी करून दोन्ही बाजूंनी केळीची सुकी पानं ठासली. काच कधीही आडवी आणू नका, खड्ड्यात मधूनच जाते.

बसवणं बघण्यासारखं होतं. आधी चौकट खरवडली, खालच्या दोन्ही कोपऱ्यात गंज निघाला, तो घासून रेड ऑक्साईड मारून दोन दिवस वाळू दिलं. मग काचेला रबर चढवलं, रबराच्या आतल्या खाचेत नायलॉनची दोरी पूर्ण गोल फिरवली आणि दोन्ही टोकं खाली मधोमध आत सोडली. एक जण बाहेरून तळहाताने दाबतोय, दुसरा आतून हळूहळू दोरी ओढतोय, दोरी निघते तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. साबणाचं पाणी लावायचं, ऑइल किंवा ग्रीस नाही, त्याने रबर फुगतं. मिस्त्री घाई करत नव्हते म्हणून काच वाचली.

आता वापरातलं. काच क्लिअर आहे, दिवसा तक्रार शून्य. रात्री समोरून ट्रकचा लाईट आला की ड्रायव्हरच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात एकाचे दोन लाईट दिसतात, हलकेच, पण दिसतात. घेतानाच ट्यूबलाईटखाली धरून तिरकी बघायची, ट्यूबची रेघ कुठे लाटेसारखी हलते का ते कळतं. गोलाई पण ओरिजिनलपेक्षा किंचित कमी असावी, वायपर डावीकडे शेवटचे दोन बोटं पुसतच नै.

रबर मात्र थर्ड क्लास. पावसाळ्यात थेंब नाही आला, म्हटलं जमलं. थंडीत कडक झालं. मग एप्रिल-मे, गाडी दुपारभर उन्हात, पारा ४५ च्या घरात, आणि खालचा डावा कोपरा आकसून काडी जाईल एवढी फट पडली, वर बारीक बारीक चिरा. धुतली की पाणी थेट पायाशी, मॅटला कुबट वास. तिथं ब्यूटाईलचं चिकट सीलंट भरलंय, तात्पुरतं धरलंय. ईपीडीएम जातीचं कृत्रिम रबर वेगळं मागवलंय, थोडं महाग पडतं, पण उन्हाला तेच टिकतं. काचेसोबत फुकट म्हणून देतात ते घेऊच नका. आणि हो, उन्हात तापलेल्या काचेवर थंड पाण्याचा पाईप मारू नका, नवी असो की जुनी.

मागची अजून ओरिजिनल आहे, तिला हात लावत नाही.

दाराची तिकोनी काच राहिलीय. ती सपाट आहे म्हणून इथला काचवाला म्हणतो साधी कापून देतो, दोनशे रुपयात. साधी नको, फुटली तर सुऱ्यासारखे तुकडे थेट मानेपाशी. टफन काच झाल्यावर कापता येत नै, कापायला गेलं की भुगा, आधी मापाने कापून मगच भट्टीत जाते. म्हणून जुनीचा पुठ्ठ्यावर साचा काढून सपाट लॅमिनेटेड शीटमधून कापून घेणार आहे, फक्त जाडी जुन्या काचेएवढीच पायजे, नाहीतर क्रोमच्या फ्रेममध्ये रबर पट्टीसकट बसणारच नाही. अशी पातळ शीट जळगाव किंवा नाशिकात कोणाकडे मिळत असेल तर सांगा.