फायबरवाला प्रीमिक्स: पहिल्या तड्यानंतरचा हिशेब

गेली 19 वर्षं मी काँक्रीटच्या प्रयोगशाळेत चाचणीचे क्यूब, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे, फोडते आहे. साधं काँक्रीट दाबाला कितीही दणकट असलं, तरी ओढायला लागलं की त्या ताकदीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्यात तुटतं. आणि तुटतं म्हणजे एकाच तड्यात दोन तुकडे. त्यामुळे आमच्या प्रीकास्ट विभागाने (साच्यात आधीच ओतून तयार केलेले भाग बनवणाऱ्या) 30 मिलिमीटर जाडीच्या, सळई नसलेल्या पॅनेलसाठी हा प्रीमिक्स, म्हणजे पोलादाचे बारीक तंतू (फायबर) घालायचं काँक्रीटचं तयार कोरडं मिश्रण, मागवला, तेव्हा पहिली पोती मी चाचणीसाठी मागून घेतली. कॅनडातल्या शेरब्रुकच्या 1997 सालच्या पादचारी पुलाची वरची स्लॅब एवढ्याच जाडीची आहे, तीही 60 मीटरच्या गाळ्यात, हे मला माहीत होतं. तरी आपल्या हातचा माल आपल्या मशीनवर ओढून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

पोत्यात कोरडी पूड, वेगळ्या खोक्यात फायबर आणि एका कॅनमध्ये सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे कमी पाण्यातही मिश्रण वाहतं करणारं रसायन. फायबर 13 मिलिमीटर लांब, 0.2 मिलिमीटर जाड, सरळ, वर पितळेचा मुलामा. प्रमाण आकारमानाच्या 2 टक्के, म्हणजे घनमीटरला साधारण 157 किलो पोलाद.

मिसळताना संयम लागतो. पाणी बाइंडरच्या (सिमेंटसारख्या चिकटवणाऱ्या पुडीच्या) वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढंच असतं, त्यामुळे बराच वेळ मिक्सरमध्ये नुसती ओलसर पूड फिरताना दिसते. आमच्या ऑपरेटरचा हात दोनदा पाण्याच्या नळाकडे गेला, दोन्ही वेळा मी अडवला. मग पुडीच्या गोळ्या झाल्या आणि एकाएकी सगळं दाट वार्निशसारखं वाहू लागलं. फायबर त्यानंतरच, चाळणीतून हळूहळू. गुठळी एकही झाली नाही. या बाबतीत मालाला पूर्ण गुण.

आता मुख्य गोष्ट. मी सहा डॉगबोन नमुने भरले, दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये अरुंद. तीन एका टोकाकडून ओतून, मिश्रण आपोआप पुढे वाहू देत. उरलेले तीन मुद्दाम साइटवर भरतात तसे: इथे थोडं, तिथे थोडं, मग थापी. सगळे एकाच घाणीतले, क्युरिंगही (ओलं ठेवून पक्कं होऊ देणं) एकच. मशीन सरकण्याच्या वेगावर चालवलं, भाराच्या वेगावर नाही. नाहीतर तडा गेल्यानंतरचा भाग दिसायच्या आतच नमुना तुटतो, आणि आपल्याला पाहायचा असतो नेमका तोच भाग.

पहिल्या गटातल्या नमुन्याचा भार-विस्ताराचा आलेख आठ मेगापास्कलच्या (दर चौरस मिलिमीटरवरच्या ओढीचं माप) आसपास किंचित वळला. हा पहिला तडा. साधं काँक्रीट असतं तर चाचणी तिथेच संपली असती. इथे भार वाढतच राहिला. कारण सरळ आहे: तड्याच्या आरपार गेलेल्या फायबरना एकत्र जेवढी ओढ पेलता येते, ती शेजारचं अखंड काँक्रीट फुटायला लागणाऱ्या ओढीपेक्षा जास्त आहे. म्हणून पहिला तडा रुंद होण्याऐवजी दुसरीकडे नवा तडा जातो, मग तिसरा. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. पृष्ठभागावर अल्कोहोलचा फवारा मारला. वरचं उडून गेलं, तड्यांत शिरलेलं ओलं राहिलं आणि बारीक रेघा उमटल्या. 150 मिलिमीटरमध्ये मी 14 मोजल्या. एवढे तडे मध्ये असूनही नमुना वाढता भार घेत होता, हे इतक्या वर्षांच्या कामात मला कुठल्याच नमुन्यात पाहायला मिळालं नव्हतं.

शेवटी एक तडा बाकीच्यांना मागे टाकून रुंदावू लागला आणि भार उतरणीला लागला. तीही सावकाश, चरचर असा आवाज करत. तो आवाज फायबर उपसून येण्याचा. तुटलेल्या तोंडावर फायबरची टोकं तीन-चार मिलिमीटर बाहेर आलेली होती. फायबर तुटले नव्हते, उपसले गेले होते. ऊर्जा तिथेच खर्च होते.

दुसऱ्या गटाने निराश केलं. पहिला तडा जवळपास तेवढ्याच भाराला, पण लगेच उतरण. नव्या तड्यांचं नाव नाही. तोंड पाहिलं तर पुष्कळ फायबर तड्याच्या पातळीतच आडवे पडलेले. दोन ओतलेल्या थरांची सीमा होती तिथून तर आरपार जवळजवळ काहीच गेलेलं नव्हतं. तेच पोतं, तेवढंच पोलाद, पण वागणं साध्या काँक्रीटच्या शेजारचं. घेणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं: फायबर प्रवाहाच्या दिशेने आणि साच्याच्या भिंतीलगत लोळतात, म्हणून पॅनेल कुठून ओतायचं हे पोतं फोडायच्या आधी ठरवावं लागतं.

तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. त्यात 'तन्यता सामर्थ्य' (ओढ सोसण्याची ताकद) म्हणून छापलेला आकडा मी विचारल्यावर वाकवण्याच्या चाचणीचा निघाला. वाकवताना मिळणारा आकडा थेट ओढीच्या आकड्यापेक्षा नेहमीच बराच मोठा येतो. तो डिझाइनमध्ये तसाच घेतला तर पॅनेल कमी जाडीचं होईल, आणि हे चुकून होण्यासारखं आहे. मला एक आकडा नको, भार आणि विस्ताराचा पूर्ण आलेख हवा, आणि नमुना कसा ओतला तेही. दोनदा मागितला, अजून आलेला नाही.

बारीकसारीक: ओतल्याबरोबर प्लास्टिक अंथरा, नाहीतर वरती कातड्यासारखा थर धरतो. हातमोजे जाड घ्या, कडेचे फायबर टोचतात. उघड्या फायबरना गंजाचे ठिपके येतात, पण तेवढेच, आत जात नाहीत.

पातळ पॅनेल, जोडांतली भरणी, तड्याची रुंदी जपायची अशी कामं यासाठी मी हाच माल पुन्हा घेईन. साध्या फरसबंदीला हुक असलेले फायबर घातलेलं नेहमीचं काँक्रीट पुरतं, तिथे हा वाया जाईल.

पहिल्या गटातला एक नमुना मी तुटायच्या आधीच मशीनवरून उतरवला. तो माझ्या टेबलावर आहे. नवीन मुलं रुजू झाली की त्यांच्या हातात फवारा देते आणि तडे मोजायला लावते.