ॲक्सेस 125: आल्तिनोच्या चढाला एकदम झकास

रविवारी सकाळी आमचा ग्रुप पणजीत फिरतो, मळा भागातून वर मारुतीच्या देवळाकडे, मग आल्तिनोची टेकडी आणि उतरून रायबंदरला भाजीपाव, त्यामुळे स्कूटर घेताना मी एकच बघितलं की डबलसीट चढ काढते का. सुझुकीची ही 124 सीसीची गाडी मस्त काढते हो, मागे बायको असली तरी वळणावर दम टाकत नाही. पेट्रोलचं झाकण बाहेरच आहे, पंपावर उतरायची कटकट नाही, ग्रुप खोळंबत नाही. घ्यायची तर पुढे डिस्क ब्रेकवालीच घ्या, कारण उतारावर स्पीड कमी झाला की स्कूटरचा आतला क्लच आपोआप सुटतो, इंजिन गाडीला रोखून धरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो, त्यात पावसाळ्यात लाल माती रस्त्यावर आलेली असते, तिथे ब्रेक कचकन मारू नका.